भांगातली दुरुस्ती

गेल्या महिन्यात माझ्या सुनेचा कॅनडाहून फोन आला. ती शांत स्वभावाची मुलगी आहे, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला होता.

"आई, तुम्ही निहालला काय सांगितलंत? त्याने वर्गात उभं राहून सांगितलं, माझी आजी सध्या भांग करते. त्याच्या वर्गात एक गुजराती मुलगा आहे. त्याने सगळ्यांना भांग म्हणजे काय ते नीट समजावून दिलं. आता टीचरची मला मेल आली आहे."

मी हसले, त्यामुळे ती आणखी चिडली. घडलं होतं ते असं. माझा नातू निहाल आणि नात ईरा दर रविवारी मला व्हिडिओ कॉल करतात. निहालने विचारलं, "आजी, आता तू ऑफिसला जात नाहीस, मग दिवसभर काय करतेस?" मी म्हणाले, "सध्या भांग आहे, बाळा." मी अगदी खरं सांगत होते. पण त्यातलं खरं काय, हे सांगायला एका बोटीची गोष्ट सांगावी लागते आणि ती फोनवर मावत नाही.

त्याच सुमारास या अंकाच्या संपादकांनी माझ्या व्यवसायाबद्दल लिहायला सांगितलं. म्हणून एका दगडात दोन कामं करते आहे. निहाल आणि ईरा मराठी वाचतात, पण शब्दाखाली बोट ठेवून, हळूहळू. तेव्हा मी वाक्यं लहान ठेवणार आहे आणि सगळं क्रमाने सांगणार आहे. इतर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तर बाळांनो, तुमची आजी बोटींची मोडलेली हाडं जोडत असे.

पूर्वी बोटी लाकडाच्या असत. आता पुष्कळशा फायबरच्या असतात. काचेच्या बारीक तंतूंची एक पांढरी चटई मिळते, तिला आम्ही मॅट म्हणतो. ती रेझिनमध्ये भिजवायची. रेझिन म्हणजे मधासारखा दाट द्रव. त्यात थोडा हार्डनर घातला की ते दह्यासारखं लागायला लागतं. फरक एवढाच, की दह्याला रात्र लागते आणि रेझिन तुम्ही चहा पिऊन परत येईपर्यंत घट्ट झालेलं असतं. मॅटवर मॅट चढवायची, मधली हवा रोलरने दाबून काढायची, आणि सगळं वाळलं की ते दगडाला ऐकत नाही. तडा गेला तर तिथला भाग घासून मोकळा करायचा, पूर्ण कोरडा करायचा आणि पुन्हा थर चढवायचे. घासताना काचेची धूळ उडते आणि अंगाला अशी खाज सुटते की विचारू नका. त्या दिवशी अंघोळ गार पाण्याने करायची. गरम पाण्याने केली तर रात्रभर झोप नाही. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी मुंबईत इंग्रजी शाळेत शिकले, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. तुमचे आजोबा तारापूरच्या वीज केंद्रात होते, म्हणून लग्नानंतर बोईसरला आले आणि एका रेझिनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. फायबरच्या बोटी तेव्हा इकडे नव्या होत्या. नवापूरचे मच्छीमार आमच्या गेटवर येऊन रेझिन मागत, कारण बोटीला तडा गेला तर ती जोडणारं जवळपास कुणी नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत गेटवर उभी राहून त्यांना प्रमाण समजावून सांगायची. एकदा एकाने मला सरळच विचारलं, "बाय, तोंडाने सांगता ते हाताने येते काय?" मला ते लागलं. पुढच्या रविवारी मी नवापूरच्या किनाऱ्यावर जाऊन माझ्या आयुष्यातलं पहिलं ठिगळ लावलं. ते वाकडं होतं, पण गळलं नाही. पुढे औद्योगिक वसाहतीत माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप झालं आणि नवापूरपासून दातिवऱ्यापर्यंत माझं नाव फायबरबाय पडलं.

वर्कशॉपमध्ये नुसत्या बोटी येत नसत. लग्नाच्या मांडववाल्याचा सोंड तुटलेला फायबरचा हत्ती आला होता. मासवणच्या एक बाई पाण्याची फुटकी टाकी टेम्पोत घालून घेऊन आल्या आणि दुरुस्ती संपेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. म्हणाल्या, "इकडे ठेवून गेलं नि तुमी दुसऱ्याला दिली तर? पोरीचं लगीन हाय. पानी कुठं भरू?" टाकी त्याच दिवशी गेली. लग्नाला मीही गेले आणि त्याच टाकीचं पाणी प्यायले.

एक हळहळ मात्र आहे. फायबर आलं तसे किनाऱ्यावरचे लाकडी बोटी बांधणारे सुतार कमी होत गेले. त्यांतले एक माझ्याकडे साचे बनवायला आले. चांगलं काम करायचे, पण रेझिनचा वास आला की दारात जाऊन उभे राहायचे.

आता ती बोट.

एका वर्षी थंडीच्या सुरुवातीला दातिवऱ्याहून धर्माभाऊंचा फोन आला. धर्माभाऊ तांडेल आहेत. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा कप्तान. ते कधीही नमस्कार वगैरे म्हणत नाहीत.

"फायबरबाय, गाडी काढा. सायबाची शिडाची बोट आलीय. सुकाणू मोडलंय."

"कुठे आदळली?"

"कुठं काय! आमच्याच खुंटावर. येवढा दर्या सोडून माज्याच जाळ्यात शिरला सायेब."

सुकाणू म्हणजे बोट वळवण्याचं मागचं पातं. आणि खुंट म्हणजे डोल जाळी बांधण्यासाठी समुद्राच्या तळात रोवलेले खांब. डोल हे पिशवीसारखं जाळं असतं. ते खांबांना बांधून ठेवतात, भरती-ओहोटीचा ओढा मासे आत ढकलतो. गावातल्या बोटींना हे खांब घरातल्या उंबऱ्यासारखे पाठ असतात. पाहुण्याला कसे दिसणार?

मी दातिवऱ्याला पोचले तेव्हा वैतरणेच्या खाडीत निळ्या-हिरव्या रंगांच्या बोटींच्या मध्ये ती पांढरीशुभ्र बोट उभी होती, लग्नघरात चुकून शिरलेल्या डॉक्टरसारखी. धर्माभाऊंनीच ती ओढून आणली होती. पौर्णिमा जवळ होती, समुद्राला उधाण होतं. उधाणाचं पाणी चढतं तेव्हा किनाऱ्यावर फार वरपर्यंत येतं. त्या पाण्यावर गावकऱ्यांनी तिला वर आणून ठेवलं होतं. तिच्या पोटाखाली दोन कणे, म्हणजे पायांसारखी दोन उभी पाती होती, त्यामुळे पाणी उतरल्यावरही ती सरळ उभी राहिली.

बोटीचे मालक भाटिया. मूळचे लुधियानाचे, जिथे समुद्र नाही. जन्मभर जहाजांवर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर गुजरातेत एक शेड भाड्याने घेऊन त्यांनी ही बोट स्वतःच्या हाताने बांधली आणि तिला बायकोचं नाव दिलं, सिम्मी टू.

"वन मैं हूँ," त्यांच्या पत्नीने शिडीवरून उतरता उतरता सांगितलं. "मुझे इसने कभी इतना पॉलिश नहीं किया."

सिम्मीताई पूर्वी शाळेत शिकवायच्या. त्यांनी पहिल्याच चहाला मला सगळं सांगितलं. त्यांची मुलगी कोचीला होती आणि तिला बाळ होणार होतं. नवरा-बायकोचा करार ठरला होता. बाळ येण्याआधी बोट कोचीला पोचली, तर बोट राहील. वाटेत कुठे अडकली, तर बोट विकायची, सिम्मीताई विमानाने पुढे जाणार, आणि मग दोघांनी एक घर घ्यायचं, ज्यात गॅसवरचं दूध हलत नाही.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

त्यांनी खाडीकडे पाहिलं. "दूध," त्या म्हणाल्या.

गिऱ्हाईकही तयार होतं. केळव्याकडच्या एका रिसॉर्टच्या मालकांना कुणीतरी बोटीचा फोटो पाठवला होता. ते येऊन पाहून गेले होते. त्यांना ती हिरवळीवर ठेवून आत आइस्क्रीमचं काउंटर काढायचं होतं. भाटियांनी त्यांना किनाऱ्यावरूनच परत पाठवलं होतं, पण ते जाताना फोन नंबर देऊन गेले होते.

मी बोट तपासायला घेतली. आमच्याकडे यासाठी नाणं वापरतात. नाण्याने ठोकत जायचं आणि ऐकायचं. चांगलं फायबर टणटण वाजतं. थर सुटले असतील किंवा आत पाणी शिरलं असेल, तर आवाज बसका येतो. सुकाणू चिरफाळलं होतं, त्याचा स्टीलचा दांडा वाकला होता, आणि दांडा जिथून बोटीच्या आत जातो तिथे तडा होता. तडा लहान दिसत होता. नाणं मात्र हातभर अंतरापर्यंत बसकं वाजत राहिलं.

"कितना टाइम?" भाटियांनी विचारलं.

"वाळायला वेळ लागेल. ओल्यावर ठिगळ लावलं तर कोचीच्या आधीच निघून येईल. अमावास्येच्या उधाणाला पाण्यात घालू."

"अमावस तक? बीच में नहीं?"

"बीच में पाणी इथपर्यंत येणारच नाही."

त्यांनी मान डोलावली. समजले असं मला वाटलं. अमावास्येचं पाणी चुकलं तर पुढची पौर्णिमा, आणि तोपर्यंत कोचीला बाळ आलेलं असणार. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मी तडा उघडला, ओला भाग खरवडून काढला आणि आत दिवे आणि पंखा लावून तो वाळत ठेवला. वाकलेला दांडा घेऊन बोईसरला आले. तिथे यादवजींचं लेथचं दुकान आहे. औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यांत मोठमोठी मिश्रणं ढवळायला जे दांडे असतात, ते सरळ करण्यात यादवजींचा हातखंडा. त्यांनी दांडा उलटसुलट पाहिला.

"मैडम, ये किस कंपनी का है?"

"समुद्राचा."

"मतलब इससे समंदर हिलाते हैं?"

"नाही. याने बोट वळते."

"फिर तो ठीक से करना पड़ेगा," ते म्हणाले आणि त्यांनी पोराच्या बारशाचे पेढे बाजूला सारून काम हातात घेतलं.

आता शब्दाकडे येते. निहाल, इथे नीट लक्ष दे.

पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला उधाण येतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. त्यांच्या मधोमध, अष्टमीच्या आसपास, पाणी थोडंसंच चढतं आणि थोडंसंच उतरतं. त्या दिवसांना भांग म्हणतात. भांगात पाण्याला ओढ नसते, म्हणून डोल जाळ्यात मासळी फारशी येत नाही. मग पुरुषमाणसं जाळी शिवतात, बोटी रंगवतात, पत्ते कुटतात, दुपारी ताणून देतात. भांग म्हणजे समुद्राची सुट्टी. पिण्याच्या भांगेशी तिचा काही संबंध नाही. पण हे लुधियानाच्या माणसाला कुणी सांगितलं नाही.

मी बोईसरला असताना इकडे काय झालं, ते मला नंतर कळलं. भाटिया रोज सकाळी विचारत, "धर्माभाई, आज बोट थोड़ा नीचे ले जा सकते हैं?" आणि धर्माभाऊ मोकळेपणाने सांगत, "नाय सायेब. आता भांग हाय." दुसऱ्या खलाशाला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "भांगात काय बी व्हनार नाय." एकाने तर दिलासा दिला, "भांग उतरला की सगळी येतो, काळजी नको." भाटियांनी जाळ्यांच्या सावलीत पाहिलं. भर दुपारी अख्खं गाव आडवं. दोघेजण पत्त्यांवरून खो खो हसताहेत. एक जण तोंडावर टोपी ठेवून घोरतोय. भाटियांना आणखी पुरावा नको होता.

माझ्या वर्कशॉपवर धर्माभाऊंचा फोन आला. "बाय, लवकर या. सायबाने शिडी वर वढली. आमाला बोटीला हात लावू देत नाय. आनि तो आइस्क्रीमवाला आलाय."

सरळ झालेला दांडा गाडीत टाकून मी निघाले. पोचले तेव्हा रिसॉर्टचे मालक टेप घेऊन बोटीची लांबी मोजत होते. धर्माभाऊ आणि गावातली माणसं लांब उभी होती. भाटिया डेकवर लालबुंद होऊन बसले होते.

"भाटियासाहेब, शिडी सोडा. दांडा आणलाय."

"मैडम, अब ज़रूरत नहीं. मैं बोट बेच रहा हूँ."

"का?"

"इन लोगों के हाथ में बोट नहीं दूँगा. सब नशे में हैं! मैंने नहीं कहा, ये खुद कहते हैं. रोज़ पूछता हूँ, रोज़ एक ही जवाब. भांग है, भांग है! और बड़े गर्व से बताते हैं कि उतरने के बाद काम करेंगे!"

मला एका क्षणात सगळं समजलं आणि हसू आवरेना. धर्माभाऊंना मात्र हसू आलं नाही. हिंदी त्यांना चांगलं कळतं.

"आमी नशेबाज?" ते पुढे आले. "बाय, तुमी इचारा सायबाला. दिसाउजेडी माज्या खुंटावर बोट घातली, तवा कोन नशेत व्हता?"

माणसं हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. धर्माभाऊ मागे वळले. "चला रे. अमावास्येला सायेबच वढतील आपली बोट. एकटे."

मी काही बोलणार, तेवढ्यात रिसॉर्टचे मालक खालून म्हणाले, "मग नक्की समजू ना? मी क्रेन पाठवतो. नाव पुसून टाकू, आइस्क्रीमचा बोर्ड लावू. आणि खाली चार-पाच होल पाडून घेतो, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही, मच्छर होणार नाहीत."

"छेद?"

हा आवाज सिम्मीताईंचा. त्या बोटीवर नव्हत्याच. धर्माभाऊंच्या पत्नी हिराबाय बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या आणि सिम्मीताई त्यांना मदत करत होत्या. हाताला बोंबलांचा वास, डोक्याला हिराबायने बांधून दिलेला रुमाल, अशा त्या वाळूतून चालत आल्या.

"कहाँ छेद करेंगे आप?"

"खाली, ताई. तळाला. दिसणार नाहीत."

"नाव के तले में छेद." त्यांनी शब्द एकेक उच्चारला. "जिस पर मेरा नाम है, उसमें?"

"नाव तर पुसणारच आहोत..."

"आप जाइए," सिम्मीताई म्हणाल्या. मग वर पाहून नवऱ्याला म्हणाल्या, "और तुम उतरो. भांग मतलब नीप टाइड! छोटा ज्वार! सारी उमर जहाज़ पर रहे, नीप टाइड नहीं मालूम?"

नीप टाइड म्हणजे काय, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी धर्माभाऊंकडे पाहिलं, सावलीतल्या पत्त्यांकडे पाहिलं, दूर सरकलेल्या पाण्याकडे पाहिलं. मग त्यांना दुसरीच गोष्ट सुचली.

"तुझे किसने बताया?"

"हीरा ने."

"कब?"

"भांग के पहले ही दिन. बोली, भांगात पानी चढत नाय, बाजार नाय."

"तो मुझे बताया क्यों नहीं?"

सिम्मीताईंनी हातातला बोंबील हिराबायकडे दिला. "सोचा, बिक जाए तो बिक जाए," त्या म्हणाल्या. "अच्छा ही है. फिर ये छेद बोला."

भाटियांनी शिडी खाली सोडली.

मला या धंद्यात पुष्कळ गिऱ्हाइकं भेटली, पण माफी मागायची भाटियांची पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. ते उतरले, सरळ धर्माभाऊंपाशी गेले आणि म्हणाले, "धर्माभाई, आपका इंजन काला धुआँ क्यों छोड़ता है?"

"सोडतो," धर्माभाऊ म्हणाले, दुसरीकडे बघत.

"खोलूँ?"

"खोला. भांग हाय. मला काय काम हाय?"

संध्याकाळपर्यंत भाटिया धर्माभाऊंच्या बोटीच्या पोटात कोपरापर्यंत काळे होऊन बसले होते. इंजेक्टर निघाले, साफ झाले, परत बसले. इंजिन सुरू झालं आणि धूर पांढुरका झाला, तेव्हा आजूबाजूच्या तीन बोटींचे खलाशी रांग लावून उभे राहिले. दातिवऱ्याला त्या भांगात जेवढी इंजिनं दुरुस्त झाली, तेवढी एरवी वर्षात होत नसावीत.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला आठवतात. मी काम उरकून निघायच्या आधी जाळ्यांच्या सावलीत जाऊन बसायची. भाटिया दूरदेशीच्या बंदरांच्या गोष्टी सांगायचे, धर्माभाऊ खाडीच्या मुखावरच्या लाटांच्या. दोघांपैकी खोटं जास्त कोण बोलतं, ते ठरवायला खलाशी बसलेले असायचे. एकदा भाटियांनी मोठ्या जहाजांवरची एक गाठ बांधून दाखवली. धर्माभाऊंनी दोर पाठीमागे धरून, न बघता, तीच गाठ मारली. भाटियांनी ती सोडून परत बांधून पाहिली. गाठ तीच होती. हिराबाय सगळ्यांना ताकाचे पेले देताना भाटियांपाशी थांबायच्या. "घ्या सायेब. भांग नाय, ताक हाय." रोज तोच विनोद आणि रोज तेवढंच हसू. भाटियाही पेला उंचावून विचारायचे, "भांग कब उतरेगी?" आणि अख्खी सावली ओरडायची, "एकादशीनंतर!"

मी मात्र दिवसा तिथी मोजत काम करत होते. हसणं संध्याकाळचं, रेझिन दिवसाचं. थंडीत रेझिन उशिरा लागतं. हार्डनर वाढवला तर लवकर लागतं, पण ठिसूळ होतं. गिऱ्हाइकाला घाई असते, रेझिनला नसते, आणि मध्ये आम्ही उभे. आतला भाग पुरता वाळायला माझ्या अंदाजापेक्षा वेळ लागला. मी सकाळी ऊन वर येईपर्यंत थांबायची, मग थर चढवायची आणि रोलर फिरवायची. सिम्मीताई शेजारी बसून मॅटचे तुकडे कापायच्या. त्यांची कात्री शिक्षिकेची होती, कडा सरळ यायच्या.

एकदा मी त्यांना विचारलं, "दुधाचं काय?"

"दूध पाउडर से भी चाय बनती है," त्या म्हणाल्या. मग पुढचा तुकडा कापत म्हणाल्या, "इसने ये नाव मेरे नाम से बनाई. मैंने कभी अंदर से देखी नहीं थी. आज देख रही हूँ, आपके साथ." त्यांनी तड्याच्या जागेवर हात फिरवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. थर लागत असताना फायबर खरोखरच तापतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सुकाणू बसलं. मी नाण्याने ठोकून पाहिलं. एका जागी आवाज मला बसका वाटला. पुन्हा ठोकलं. भाटियांनी ठोकलं. धर्माभाऊंनी कान लावला. "बाय, तुमचा अंगठा नाण्याला लागतोय," ते म्हणाले. अंगठा काढला. टण वाजलं.

इकडे अमावास्येला भरतीचं पाणी भर दुपारी चढतं. गाव जेवायचं थांबलं होतं. हिराबायने नारळ वाढवला. पाणी बोटीच्या कण्यांना लागलं, मग वर आलं, आणि पुरुषमाणसांनी दोर खांद्यावर घेतले. धर्माभाऊंचा आवाज, त्यामागे सगळ्यांचा आवाज. दोर तुटेल इतका ताणला गेला आणि बोट हलेना. पुन्हा ओढलं. बोट हलेना. मी आत होते, सुकाणूच्या दांड्यापाशी टॉर्च घेऊन पालथी पडलेले. मला बाहेरचं दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. मग माझ्या पोटाखालची जमीन अलगद निघून गेली. किनाऱ्यावर ओरडा झाला. बोट तरंगत होती.

पाणी शिरायचं असेल तर आता. मी तड्याच्या जागेवर कोरडा टिशू पेपर दाबून ठेवला. कागद खोटं बोलत नाही, थेंबभर पाण्यानेही काळा पडतो. भाटिया वरून वाकून विचारत होते, "मैडम? मैडम?" धर्माभाऊ बोटीवर चढून सुकाणू डावीकडे, उजवीकडे फिरवत होते. दांडा माझ्या डोळ्यांसमोर फिरत होता, यादवजींनी सरळ केलेला, गुळगुळीत. मी कागद उचलला. पांढरा.

"कोरडं!" मी ओरडले. "सूखा है! सूखा!"

वर काय झालं ते मी पाहिलं नाही, पण सिम्मीताई रडत होत्या हे मला ऐकू आलं. आणि कुणीतरी, मला वाटतं भाटियाच, धर्माभाऊंना पंजाबीत काहीतरी म्हणत होते. धर्माभाऊ त्यांना आमच्या बोलीत उत्तर देत होते. दोघांनाही समजत होतं.

त्याच पाण्यावर ते गेले. धर्माभाऊ स्वतःची बोट घेऊन पुढे निघाले, सगळे खुंट चुकवून त्यांना मोकळ्या समुद्रावर पोचवायला. धूर पांढराच होता.

कोचीहून फोटो आला. सिम्मीताईंच्या मांडीवर बाळ आणि मागे धक्क्याला बांधलेली सिम्मी टू. बाळाच्या आधी बोट पोचली होती. सोबत भाटियांचा आवाज होता, "मैडम, यहाँ सब ठीक. दो हफ़्ते कहीं नहीं जाएँगे. सिम्मी कहती है, भांग है."

तेव्हापासून हा शब्द मी वापरायला लागले. आता डॉक्टरांनी मला रेझिनच्या वाफांपासून लांब राहायला सांगितलं आहे. वर्कशॉप नवीन हातांत आहे आणि ते हात चांगले आहेत. मी पालघरला घरी असते. सकाळी चालते, जुने कागद लावते, जाळीसारखी भोकं पडलेल्या चादरी शिवते, दुपारी ताणून देते. पाणी कुठे गेलेलं नाही. थोडं चढतं, थोडं उतरतं.

तेव्हा निहाल, तुझ्या टीचरना सांग की आजी शुद्धीवर आहे. आणि आईला सांग की तिकीट काढण्याआधी मला तिथी विचारा. उधाणाला आलात तर धर्माभाऊ तुम्हाला बोटीतून खाडीच्या मुखापर्यंत नेतील. भांगात आलात तर कुठे जाता येणार नाही, माझ्यापाशी बसून राहावं लागेल.

मला विचाराल, तर भांगात या.